भिंतीची वजाबाकी

सकाळचे सात. शुवैखच्या रस्त्यावर
पारा त्रेचाळीस. आत, काचेच्या नळीत, उणे त्रेपन्न.
मधे एक दार,
आणि दाराशी चपला काढायची हिंदुरावांची सवय
जी एकोणीस वर्षांत कुवेतला सोडवता आली नाही.

नळी त्यांनीच फुंकलीय. मीटरभर लांब,
अंगावर दुसरी काच ल्यालेली,
दोन काचांमधून गार अल्कोहोल फिरतं.
वडील ओगलेवाडीला होते, कंदिलाच्या काचांवर.
"काच ऐकती, पण दोनदा सांगाय लागतं,"
हिंदुराव म्हणतात,
आणि मराठीचं अवाक्षर न कळणारी डॉक्टर अनूद
नळीकडे बघून मान डोलावते.

आम्ही मोजतो ते दिसत नाही.
हेलियमच्या वाऱ्यावर सुटे हायड्रोजन सोडायचे,
त्यांना थोडा तपकिरी वायू पाजायचा,
की जन्मतो तो:
एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन,
पाणी व्हायला एकाचीच कमी.
वर आभाळात तो भेटेल त्याच्या अंगावरचा
एक हायड्रोजन ओरबाडून घेतो
आणि पाणी होऊन सुटतो.
आज त्याच्यापुढे ठेवायचाय एसीतला नवा वायू,
ज्याच्या भरवशावर हे शहर उद्या झोपणार आहे.
खिडकीखाली जुन्या वायूवरचे सहा डबे
घरघरताहेत. एकाखाली बादली.
बादलीतलं पाणी प्यायला एक लंगडं मांजर येतं.

आतली बारीक नळी एक सेंटिमीटर मागे ओढली
की दोघांना एक मिलिसेकंद जास्त मिळतो.
ओढते. थांबते. आकडा लिहिते.
अनूदची वही उजवीकडून उघडते, माझी डावीकडून,
आलेखाची रेघ मात्र दोघींच्या वहीत
एकाच बाजूला उतरते.

उतरायची.
बुधवारी पस्तिसाव्या सेंटिमीटरला
ती पायरी चुकल्यासारखी धपकन खाली आली.
अनूद म्हणाली, गळती.
सगळे सांधे तपासले, ग्रीस बदललं,
मी पंपाला मराठीत शिव्या घातल्या.
गुरुवारीही तीच पायरी, तिथेच.
हिंदुराव नळीशेजारी उकिडवे बसले,
एक डोळा मिटून आरपार बघत राहिले.
मग म्हणाले, "आज त्यो वायू घालूच नका.
नुसतं चालवा."

नुसतं चालवलं.
गाठ पडायला समोर कुणी नाही,
तरी मोजणी घसरतच गेली,
आणि पस्तीसला तीच पायरी.
काचेला टेकून मरत होते ते.
आतल्या मेणाचा टिकलीएवढा पापुद्रा निघाला होता,
तिथे काच उघडी.

तसे ते रोजच मरतात, थोडेथोडे, मेणावरही.
रोज आम्ही ते वेगळे मोजतो आणि वजा करतो.
निबंधात त्यासाठी एक ओळ असते:
भिंतीवरचा ऱ्हास गणतीत धरलेला नाही.
मी ती ओळ आजवर सात वेळा टंकली असेल,
न थबकता.

हिंदुरावांनी नळी उतरवली, धुतली, तापवली,
वितळलेलं मेण ओतून
दोन्ही तळव्यांवर फिरवत राहिले,
बाळाला तेल चोळून झाल्यावर
कुशीवर वळवतात तशी.
मला घाई होती. त्यांना नव्हती.

पुढच्या रविवारी रेघ सरळ आली.
वायूचं आयुष्य निघालं: अकरा वर्षं,
दीड इकडे किंवा तिकडे.
"म्हंजे आज ह्या डब्यातनं सुटला," ते म्हणाले,
"तर अकरा वर्सं वर फिरंल?"
सरासरीनं, मी म्हटलं. कुणी उद्या संपेल,
कुणी चाळीस वर्षं राहील.
"आन् कोन कवा, ते?"
ते कळत नाही.
ते हसले. परवान्याचं नूतनीकरण
त्याच आठवड्यात अडकलं होतं,
हे मला नंतर अनूदकडून कळलं.

आभाराच्या परिच्छेदात नाव घालताना
त्यांच्या ओळखपत्रावरून उतरवून घेतलं.
तिथे 'हंदराव' असं होतं.
मी काट मारून 'हिंदुराव' केलं,
आणि 'येडगे'चं स्पेलिंग विचारायला उठले
तर दाराशी चपला नव्हत्या.
ते खाली गेले होते.
डब्याखालची बादली भरून वाहत होती.